मी येईपर्यंत

आमच्या घरात कुकरची शिट्टी कधी वाजली नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आम्ही फार गरिबीत वाढलो. तसं काही नव्हतं. पप्पा टेलिफोन खात्यात होते, येरवड्याला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर होतं, आणि आईच्या लग्नात आलेला चांगला पाच लिटरचा कुकर फळीवर उपडा पडलेला असायचा. पण शिट्टी झाली की ताई दोन्ही कान दाबून पलंगाखाली शिरायची आणि तासभर बाहेर यायची नाही. म्हणून आई डाळ पातेल्यात शिजवायची, वर झाकणीत पाणी ठेवून, आणि अधूनमधून ते कढत पाणी डाळीत ओतून. त्या डाळीला जी चव यायची ती मला नंतर कुठेच मिळाली नाही. खोबऱ्याची चटणी पाट्यावर. सुकट भाजायची असली तर आई तवा घेऊन शेजारच्या काकूंकडे जायची, कारण ताईला तो वास सहन होत नसे. काकू म्हणायच्या, "वास आमच्या घरात आणि जेवण तुमच्या. असू दे, असू दे." पप्पांना खात्यातर्फे घरी फोन मिळाला तेव्हा आसपासची माणसं नंबर लावून वर्षानुवर्षं बसलेली होती. पप्पांनी तो फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवून दिला. टेलिफोनवाल्याच्या घरचा फोन कुणी उचलत नाही, हा विनोद त्यांच्या ऑफिसात बरीच वर्षं पुरला. पप्पाही त्यात हसायचे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण संघमित्रा. माझ्याहून दीड वर्षाने मोठी, उंच, लांब केसांची, आईसारख्या मोठ्या डोळ्यांची. ते डोळे तिने कधी कुणाच्या डोळ्यांना भिडवले नाहीत. बोलायची ती नेमकं आणि थोडं. "कशी आहेस?" असं विचारलं तर उत्तर नसे, "जेवलीस का?" विचारलं तर काय काय आणि किती वाजता जेवली ते सगळं सांगायची. पोळीच्या पट्ट्या कापून, कोरड्या बटाट्याच्या भाजीबरोबर खायची, आणि दुसऱ्या कशाचा रस पट्टीला लागला की ती पट्टी बाजूला. एकदा पाहिलेला नकाशा तिला पाठ व्हायचा. आई तिला रविवारी मंडईत न्यायची तर कोणत्या गाळ्यावर कोणती भाजी हे तिला आईपेक्षा जास्त माहीत असायचं. पण गर्दीचा धक्का लागला की तिथेच खाली बसायची, आणि मग आई भाजीची पिशवी एका हातात आणि ताई दुसऱ्या हातात अशी लोकांच्या नजरा चुकवत घरी यायची. डॉक्टर झाले, दोन-तीन झाले. एक म्हणाले, लग्न झालं की सुधारेल. ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. आज याला शब्द आहे, मराठीतही आहे आणि इंग्रजीतही. तेव्हा आमच्यापाशी फक्त ताई होती.

तरी तिला शाळेत घालायचं की नाही हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारलाच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली ती सगळ्या घरादारासकट. त्या दिवशी देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात वह्या-पुस्तकं आली. पप्पा स्वतः दिव्याच्या खांबाखाली वगैरे शिकलेले नव्हते, तो प्रकार मला पुस्तकातच भेटला, पण भावंडांत शिकलेले तेवढेच होते. काकांच्या मुली शिकाव्यात म्हणून गावी जाऊन भांडून येणारा माणूस. तेव्हा आमच्या घरातली मुलगी शाळेत न जाणं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसतच नव्हती. सातवीपर्यंत ताईला कसंबसं वरच्या वर्गात ढकललं. मग तिच्या आठवीच्या अखेरीस पप्पांनी शाळेत जाऊन एक विनंती केली. तशी विनंती करणारा दुसरा बाप मोठ्या बाईंनी पाहिला नसावा. ते म्हणाले, हिला पास करू नका. एक वर्ष मागे ठेवा. धाकटी आली की दोघी एका बाकावर बसतील, धाकटी सांभाळेल. अशा रीतीने माझी ताई माझ्या वर्गात आली. मी आठवीत बारा पूर्ण झालेली मुलगी होते आणि कुणाला तरी सांभाळायचं काम मला मिळालं. मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला अभिमानच वाटला होता.

अभिमान दिवाळीपर्यंत टिकला. माझ्याशेजारी दुसरी कुणी बसू शकत नव्हती. मधल्या सुट्टीत मी लंगडी खेळायला जाऊ शकत नव्हते. घंटा व्हायच्या आधी मिनिटभर ताईच्या कानांवर माझे तळहात ठेवावे लागायचे, म्हणून मी सतत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असायचे, आणि गणिताच्या बाई म्हणायच्या, "सुजाता, आपल्याला कंटाळा आला असेल तर सांगा, आम्ही शाळा लवकर सोडू." मुली मला "ताईची आई" म्हणायच्या. एखाद्या दिवशी तास बदलला, बाई रजेवर गेल्या, प्रार्थना मैदानाऐवजी वर्गात झाली, की ताई पुढे-मागे डोलायला लागायची, मग हुंकार, मग ओरडणं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. जणू मीच ओरडले होते.

यातून मार्ग काढला तो भूगोलाच्या तांबोळी सरांनी. सर बुटके, कायम तपकिरी सफारीत, आणि शाळेत सगळ्यात कमी बोलणारे. पुस्तकी विद्वान वगैरे नव्हते, पण त्यांच्या आईला ऐकू येत नसे, आणि लहानपणापासून घरातलं सगळं त्यांनी पाटीवर लिहून चालवलं होतं. त्यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू तिला सांगतेस. सांगितलेलं हवेत जातं बेटा. लिहून दे. लिहिलेलं हातात राहतं." मग रोज संध्याकाळी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदाची पट्टी कापून मी दुसऱ्या दिवसाचा कागद लिहू लागले. पहिला तास मराठी, शिंदे बाई, वही क्रमांक दोन. दुसरा तास गणित. घंटा मोठी वाजेल, कान दाब. मधली सुट्टी, डबा, नळावर जाऊ नको, पाणी बाटलीतलं. असं शेवटपर्यंत. ताई तो कागद घडी करून डाव्या मुठीत धरायची, एकेक गोष्ट झाली की पेन्सिलीने बारीक खूण करायची. आठ दिवसांत ओरडणं थांबलं. महिन्यात ती भूगोलाच्या तासाला उठून फळ्यावर जाऊन नकाशा काढू लागली, हाताने, छाप्याशिवाय, कोकणची किनारपट्टी तिच्या सगळ्या वाकणांसकट. सर तिच्यामागे उभे राहून नुसते "वा" म्हणायचे. सहामाहीत ती भूगोलात वर्गात तिसरी आली, आणि पप्पांनी ऑफिसात पेढे वाटले. मी पहिली आले होते. माझे पेढे नव्हते वाटले. ही तक्रार मी पन्नाशी ओलांडल्यावरही विसरलेले नाही, यावरून वाचणाऱ्याने माझा स्वभाव ओळखावा.

कागदात काही चुकून चालायचं नाही. एकदा मी "चित्रकला" लिहिलं आणि तो तास शिवणाचा निघाला, तर ताई शिवणाच्या तासाला रंगपेटी उघडून बसली, आणि कुणी काही म्हटलं तरी हलली नाही. कागदात असेल ते खरं. कागद माझ्या अक्षरात असायचा. तेव्हा मी म्हणेन ते खरं, असा त्याचा अर्थ होता, आणि तो अर्थ मला बरोब्बर कळला होता.

नववीत आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले. अमेरिकेत गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीने चार पाठवले. आज माझ्या खराडीच्या ऑफिसात माणसांपेक्षा कॉम्प्युटर जास्त आहेत आणि कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही, पण तेव्हा त्या खोलीला निळे पडदे लागले, खाली जाजम आलं, बाहेर चपला काढायच्या अशी पाटी लागली. विहारातसुद्धा आम्ही इतक्या हळू पावलांनी जात नव्हतो. शहरात तेव्हा जिकडेतिकडे क्लास निघत होते. पेपरात पानपानभर जाहिराती. पप्पा जेवताना म्हणायचे, आता हेच येणार, टेलिफोनसुद्धा यावरच चालणार. नववीतल्या दहा मुली निवडणार असं जाहीर झालं. क्लासचे एक तरुण सर मंगळवारी मधल्या सुट्टीत येऊन आधी सगळं दाखवणार, मग नावं घेणार. माझं नाव शिंदे बाईंनी दिलं होतं. देताना म्हणाल्या, "एकटी ये हो. तिला नको आणूस. नाजूक यंत्रं आहेत."

सोमवारी संध्याकाळी मी कागद लिहायला बसले. आई भाकरी थापत होती, पप्पा बातम्या ऐकत होते, रेडिओ ताईसाठी नेहमीसारखा अगदी बारीक. मधल्या सुट्टीपर्यंत भराभर लिहिलं आणि थांबले. मी आईला सांगू शकत होते. तांबोळी सरांना सांगू शकत होते, त्यांनी ताईला आपल्याजवळ बसवून घेतलं असतं. पण सर त्या आठवड्यात मतदारयाद्यांच्या कामाला गेले होते, आणि आईला सांगितलं तर ती म्हणाली असती, मग तू नको जाऊस. म्हणून मी लिहिलं: मधली सुट्टी. डबा. बुचाच्या झाडाच्या कट्ट्यावर बस. मी येईपर्यंत उठू नकोस. "उठू नकोस"च्या खाली मी दोन रेघा मारल्या. ताईने कागद वाचला, घडी केली आणि उशीखाली ठेवला.

मंगळवारी मी तिला कट्ट्यावर बसवलं. ऑक्टोबर होता, ऊन चांगलंच होतं, पण कट्टा सावलीत होता. कॉम्प्युटरच्या खोलीत पंख्याखाली आम्ही जाजमावर बसलो. सरांनी काय दाखवलं त्यातलं मला फारसं आठवत नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं एवढं आठवतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा सर म्हणाले, ज्यांना थांबायचंय त्यांना एकेकीला हात लावू देतो, पुढच्या तासाचं मी बाईंशी बोललोय. इथे मी विसरले असं लिहायची मला फार इच्छा आहे. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण मी विसरले नव्हते. घंटा झाल्याबरोबर माझे तळहात आपोआप उचलले गेले, ताईचे कान झाकायला. मी ते खाली घेतले. मनात म्हटलं, बसेल. कागदात लिहिलंय, बसेल ती. आणि रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी माझं नाव टाइप केलं. ते पडद्यावर उमटलं. शेजारी कुणी नव्हतं, मला कुणी ताईची आई म्हणत नव्हतं, आणि मला फार सुख झालं होतं. तेवढं सुख मला पुढे पहिल्या नोकरीच्या पत्रानेही झालं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही मुलींकडून, काही शिपाईमावशींकडून. पाचवा तास भूगोलाचा, सर नाहीत म्हणून खेळाच्या बाई वर्गावर आल्या. ताईची जागा रिकामी. खिडकीतून दिसली ती कट्ट्यावर. सावली एव्हाना सरकून गेली होती आणि ती भर उन्हात बसलेली होती, ताठ, तोंड लालबुंद. बाईंनी खिडकीतून हाक मारली. मग खाली आल्या. "वर्गात चल," म्हणाल्या. ताई म्हणाली, "नाही." बाईंना वाटलं, उलट बोलते. खेळाच्या बाईंकडे एकच उपाय असायचा, गळ्यातली शिट्टी. ती त्यांनी ताईच्या कानाशी वाजवली. ताई किंचाळली. किंचाळली तरी उठली नाही. मग बाईंनी दंडाला धरून ओढलं आणि ताईने त्यांच्या मनगटाला चावा घेतला, रक्त येईपर्यंत. किंकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत ऐकू आली. मी अनवाणी धावत बाहेर आले. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर मुली होत्या. खाली कट्ट्यावर ताई कान दाबून डोलत होती, आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत बाई आपलं मनगट धरून उभ्या होत्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, "ताई, आले मी. ऊठ." ती लगेच उठली. तिच्या मुठीत कागद होता. मी म्हटलं, "दे." तिने दिला.

मोठ्या बाईंच्या खोलीत आम्हाला उभं केलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. एकेका वर्गात साठ-सत्तर मुली, आणि त्यांनी ताईला इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. त्यांनी आवाज न चढवता ताईला विचारलं, "बाळ, तुला तिथे बसायला कुणी सांगितलं?" ताई म्हणाली, "कागदाने." बाईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसला कागद?" कागद माझ्या स्कर्टच्या खिशात होता, माझ्या अक्षरात, दोन रेघा मारलेला. कॉम्प्युटरचे सर बाहेरच उभे होते. मी म्हटलं, "ती काहीही बोलते, बाई." नंतर मुलींच्या मोरीत जाऊन मी त्या कागदाचे बारीक तुकडे केले आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं.

त्या संध्याकाळी आईने ताईला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. दोन थोबाडीत, पाठीवर धपाटे, आणि मारताना आईच रडत होती, "का गं बसलीस? का नाही उठलीस? एवढं सांगतात तर उठायला काय झालं तुला?" ताई कान दाबून भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी स्वयंपाकघरात दुधावर लक्ष ठेवत होते. दूध उतू जाऊ नये म्हणून.

दोन दिवसांनी तांबोळी सर घरी आले. आईने चहा केला. सरांनी ताईकडे पाहिलं, ती पलंगावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. मग मला विचारलं, "सुजाता, मंगळवारचा कागद होता ना?" मी होय म्हटलं. "काय लिहिलं होतंस?" मी म्हटलं, "रोजचंच." "तो कागद मिळाला तर मी मोठ्या बाईंना दाखवतो. मुलगी हट्टाने बसली असं त्या समजतात. तिने सांगितलेलं ऐकलं असेल तर गोष्ट वेगळी होते. मग तिला ठेवून घेतील. तुला कुणी रागावणार नाही, मी बघतो." याहून सोपं करून कुणी काही मागू शकत नाही. आई दारात कप घेऊन उभी होती. कॉम्प्युटरची यादी शुक्रवारी लागणार होती. मी म्हटलं, "हरवला, सर." त्यांना कळलं. मला तेव्हाही ठाऊक होतं की त्यांना कळलं. त्यांनी चहा संपवला, कपबशी स्वतः उचलून मोरीशी नेऊन ठेवली आणि आईला म्हणाले, "येतो वहिनी." माझ्याशी ते त्यानंतर वर्गातसुद्धा प्रश्न विचारण्यापुरतेच बोलले.

शनिवारी पप्पा शाळेत गेले. मला बरोबर नेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "आपण म्हणाल ते करतो बाई," ते म्हणाले, "मी रजा टाकून वर्गाबाहेर बसतो. पण नाव काढू नका." असं कुणापुढे वाकलेलं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, आज बाईंना चावली. उद्या कुणाच्या मुलीला चावली तर मी त्या पालकांना काय सांगू? आपणच सांगा." शाळा सोडल्याचा दाखला बाईंनी तिथेच करून दिला. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. पप्पांनी सही करायच्या आधी तो पूर्ण वाचला, आणि "पालकांच्या विनंतीवरून" इथे त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. बाहेरच्या फलकावर कॉम्प्युटरची यादी लागलेली होती. माझं नाव चौथं होतं. पप्पांनी ते पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू तरी शीक गं."

सोमवारी ताई नेहमीसारखी गणवेश घालून, दोन वेण्या करून तयार. कागद मागायला माझ्यासमोर उभी. आईने तिला तीनदा सांगितलं, आता शाळा नाही. ती ऐकेना. शेवटी आई मला म्हणाली, "तू दे लिहून. तुझंच खरं मानते ती." मी पट्टी कापली. लिहिलं: आज शाळा नाही. ताईने वाचलं आणि विचारलं, "उद्या?" मी त्याखाली लिहिलं: उद्या नाही. "परवा?" असं करता करता कागद भरला. मग तिने वेण्या सोडल्या, रिबिनी गुंडाळल्या, गणवेशाची घडी घातली आणि पलंगावर जाऊन बसली. मी दप्तर उचललं आणि एकटी शाळेत गेले. माझ्या शेजारी त्या दिवशी एक मुलगी येऊन बसली, छान होती, तिने मला आवळा दिला. मी तो खाल्ला.

नंतरचं सगळ्यांसारखंच. दहावी, बारावी, कॉम्प्युटरची पदवी, मग नोकऱ्यांचा पूरच आला त्या काळात, आणि मी खराडीला लागले. ताई घरी भाज्या निवडायची, नकाशे काढायची. लोक म्हणायचे, सुटली बिचारी त्या शाळेतून, तिला काय कळत होतं, उगाच छळ. मीही तेच धरून ठेवलं. माझं काय चुकलं ते चुकलं, पण तिचा छळ तरी थांबला. तो शब्द, स्वमग्नता, मी तिशी उलटल्यावर एका सहकाऱ्याच्या मुलामुळे ऐकला. त्याच्या शाळेत असे दिवसाचे कागद शिक्षकच करून द्यायचे, रंगीत, चित्रांसह, आणि त्याला पद्धत म्हणायचे. त्यांच्या पालकसभेत मी मागच्या रांगेत बसून ते पाहिलं आणि भाषण संपायच्या आत उठून आले. पप्पा आधी गेले. आई शेवटच्या आजारात एक दिवस म्हणाली, "मी तिला मारलं गं त्या दिवशी. उगाच मारलं. माझा हात का नाही झडला." तेव्हा मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "तिला कुठे आठवतंय, आई." आई तेच घेऊन गेली.

आता आम्ही दोघीच राहतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मटार सोलत बसलो होतो. अकराव्या मजल्यावर आवाज फारसे येत नाहीत, ते तिला बरं पडतं. मी तिच्याकडे न बघता सांगून टाकलं. म्हटलं, ताई, नववीत तुला शाळेतून काढलं ना, तेव्हा तो कागद मी फाडला होता. मी मोठ्या बाईंशी खोटं बोलले. ती म्हणाली, "हो. मंगळवार. उजव्या खिशात ठेवलास." दाणे एका बाजूला, सालं एका बाजूला. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं तर मग बोलली का नाहीस? आईला, तांबोळी सरांना, कुणालाही? ती म्हणाली, "तू बाईंना म्हणालीस, ती काहीही बोलते. म्हणून नाही बोलले."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त, काहीतरी हाताशी धरायला हवं होतं. मी म्हटलं, "पण तुला त्रासच व्हायचा ना गं तिथे? ती घंटा, त्या मुली, सगळा गोंगाट. एका अर्थी सुटलीसच ना?" ताईने हातातली शेंग खाली ठेवली. प्रश्न नीट कळला की ती अशीच थांबते, पूर्ण उत्तर जमेपर्यंत.

"घंटेचा त्रास व्हायचा," ती म्हणाली. "शाळा आवडायची."